उत्तनच्या वाटेवरचे घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मी वर्गात अनेकदा समजावून सांगितली आहे. त्यातले लग्न मी करून पाहिले. घर बांधून पाहण्याचा योग मात्र आला नाही. मीरा रोडला पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्या कर्जाच्या हप्त्यांवर घेतल्या. भिंती आधीच उभ्या होत्या; आम्ही त्यांना फक्त खिळे ठोकले. असे असता गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी एका घराच्या प्रेमात पडलो. सारा प्रकार सौभाग्यवतींच्या डोळ्यांदेखत घडला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला भलती शंका नको.

मीरा-भाईंदर म्हटले की डोळ्यांपुढे येते ती गर्दी. इथे १९८५ साली नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात असलेली वस्ती २०११ साली आठ लाखांवर गेली. एवढी माणसे सामावून घ्यायची म्हणजे ती एकावर एक रचण्याखेरीज गत्यंतर नाही. आमच्या खिडकीतून समोरच्या बिऱ्हाडातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. त्यांच्या शिट्टीवर आमच्या सौ.ने आपला गॅस बंद केल्याचे आणि कच्चा भात आमच्या पानात पडल्याचेही प्रसंग घडले आहेत.

पण भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली की थोड्याच वेळात मुलूख बदलतो. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे एकामागून एक मागे पडतात. मिठागरांचे चौकोन दिसू लागतात. दिवाळीच्या सुमारास त्यांत नुसते पाणी असते. मिठाच्या पांढऱ्या राशी पाहायच्या तर उन्हाळ्यात यावे. पुढे डोंगरीपाशी हवेला समुद्राचा वास येतो, आणि उत्तनला पोचेपर्यंत त्यात वाळत्या बोंबलांचा वास मिसळतो. आगरी, कोळी आणि ख्रिस्ती मंडळींची ही जुनी वस्ती आहे. इथले ख्रिस्ती लोक घरात जी बोली बोलतात ती मराठीचीच लेक. मराठीच्या मास्तराने कान देऊन ऐकावी अशी आहे.

हा पट्टा म्हणजे इतिहासातले धारावी बेट. मुंबईच्या धारावीशी त्याचा संबंध नाही. उत्तरेला खाडी आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसईची दक्षिणेकडची नाकेबंदी करायची तर हे बेट हाती असणे अगत्याचे होते. ते मराठ्यांनी घेतले आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. ही हकीकत मी बसमध्ये आमच्या कन्येला रंगवून सांगत होतो. इतिहासामुळे की वळणांमुळे कोण जाणे, तिला मळमळू लागले आणि आम्ही उत्तनच्या अलीकडे डोंगरीलाच उतरलो.

सावलीसाठी एका गल्लीत शिरलो, तो समोर ते घर.

काळ्या दगडाचे जोते, पुढे ऐसपैस ओटा, त्यावर चार सागवानी खांब. वर माडी, माडीला लाकडी कठड्याचा सज्जा आणि सर्वांवर मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर. दाराच्या चौकटीवर एक लहानसा क्रूस कोरलेला. बाजूला दगडी कठड्याची विहीर, विहिरीवर वाकलेले चिंचेचे झाड. कठड्याला सुतळीने एक पाटी बांधली होती : ‘विकणे आहे’.

ओट्यावर एक वृद्ध बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मुलीला पाणी हवे म्हटल्यावर त्यांनी तांब्या आणि गुळाचा खडा आणून दिला, आणि मी घर न्याहाळतो आहे हे पाहून म्हणाल्या, “बघा की आतून. बघायला पैसे नाही पडत.”

हे वाक्य मला महागात पडणार होते. आत गेलो. माजघर असे की आमच्या दोन्ही खोल्या त्यात मावून वर एक पंगत बसावी. भिंती दीड हात जाड. बाहेर ऑक्टोबरचे ऊन आणि आत गारवा. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. मी मनातल्या मनात सामान लावू लागलो. इथे पुस्तकांची कपाटे, इथे लिहिण्याचे टेबल, सज्जात झोपाळा. वीस वर्षे जो ग्रंथ लिहीन म्हणतो आहे, तो केवळ सज्जा नसल्यामुळेच राहिला, अशी माझी तिथे उभ्या उभ्या खात्री पटली.

परसात उतरवून ठेवलेली काही कौले होती. कन्येने एक उलटे केले आणि ओरडली, “बाबा, यावर साल आहे! अठराशे पासष्ट!”

“तर! तेवढंच जुनं आहे घर,” बाई अभिमानाने म्हणाल्या.

मी हरखून गेलो. पुढे घरी येऊन पुस्तके उघडली तेव्हा उलगडा झाला. मंगलोरला बाझल मिशनने कौलांचा पहिला कारखाना काढला तो १८६५ साली, आणि पुढे कित्येक वर्षे कौलांवर स्थापनेचे ते साल उमटत राहिले. म्हणजे ते साल कारखान्याच्या जन्माचे होते, घराच्या नव्हे. पण प्रेमात पडलेल्याला पुरावा कशाला लागतो? मी हे सौ.ला आठ दिवस सांगितले नाही.

पुढचे तीन रविवार मी डोंगरीला गेलो. तिसऱ्या रविवारी ओळखीचा एक गवंडी बरोबर घेतला. माणूस अबोल. त्याने प्रथम तुळया हातोडीने ठोकून पाहिल्या. मधोमध टणटणीत वाजल्या. मग जिथे त्या भिंतीत शिरतात तिथे त्याने पेचकस लावला, आणि तो भाकरीत बोट जावे तसा आत गेला. “लाकूड नेहमी टोकाला कुजतं,” तो म्हणाला. “भिंतीतली ओल तिथंच साठते.”

मग भिंती. बाहेरून गुळगुळीत सिमेंटचा गिलावा होता. वीसेक वर्षांपूर्वी बाईंच्या मुलाने हौसेने करून घेतलेला. गवंड्याने एक पोपडा काढला. आतला जुना चुना ओला होता आणि त्यावर मिठासारखी पांढरी बुरशी दिसत होती. ही बुरशी नव्हे, लोणा, हे त्याने मला समजावले. खाऱ्या जमिनीतले पाणी दगडमातीतून वर चढते. चुन्याच्या भिंतीतून ते हळूहळू वाळून जाते आणि खराब झालेला चुना दर काही वर्षांनी काढून नवा लावता येतो. सिमेंटने ती वाटच बुजवली. पाणी आत कोंडले, क्षार भिंतीतच जमले आणि त्यांनी गिलावा आतून फोडायला सुरुवात केली. आता सगळे सिमेंट खरवडून काढायचे, चुना विरवून मुरत ठेवायचा आणि भिंती सावकाश वाळू द्यायच्या. घाई केली की पैसे पाण्यात.

छपराचे क्षेत्र बाराशे चौरस फूट. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले, म्हणजे अठराशे कौले उतरवून, धुऊन, फुटकी बाद करून पुन्हा चढवायची. वासे निम्मे बदलायचे, रिपा सगळ्याच. गवंड्याने जो अंदाज सांगितला तो घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. शिवाय मिळकतीच्या उताऱ्यावर नावे सात. त्यांतली दोन माणसे परदेशात. आणि समुद्रकाठच्या बांधकामांवर १९९१ सालापासून किनारा नियमनाचे निर्बंध आहेत, तेव्हा एक खांब हलवण्यापूर्वी काय काय परवानग्या लागतील ते आधी विचारणे आले.

एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. मी घरी येऊन भविष्यनिर्वाह निधीचा कागद काढला.

सौ.ने माझे सगळे ऐकून घेतले. ती शाळेत गणित शिकवते. तिने पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. या खोल्या विकून, निधी काढून, तिच्या बांगड्या मोडून काय येते आणि काय जाते. बेरीज जमत नव्हती, पण ती त्यावर काही बोलली नाही. पेन्सिल खाली ठेवून तिने एवढेच विचारले,

“अहो, एक विचारू? दर पावसाळ्याआधी त्या घराची कौलं चाळायला कोण जाणार?”

“मी जाईन,” मी म्हणालो. “त्यात काय? तासाभराचा तर रस्ता.”

“आणि संगमेश्वरला किती वेळा गेलात?”

मी गप्प बसलो.

इथे वाचकांना थोडे मागे नेले पाहिजे. संगमेश्वर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. मातीच्या भिंती, सारवलेली ओटी, कौलारू छप्पर. वडील होते तोवर दरसाल वैशाखात ते स्वतः छपरावर चढत. मी खाली उभा राहून कौले देत असे. वडील गेले त्याला अकरा वर्षे झाली. घर आता काकू एकट्या सांभाळतात. त्यांची दरसाल चैत्रात एक हाक येते. पूर्वी पोस्टकार्ड यायचे, आता फोन येतो. ‘उत्तरेची बाजू गळते आहे, येऊन जा.’ आणि दरसाल माझे पेपर तपासायचे राहिलेले असतात. मी पैसे पाठवतो. पैसे पोचले की कर्तव्य पोचले, असा माझा समज. या अकरा वर्षांत मी तिथे दोनदा गेलो. दोन्ही वेळा लग्नाला.

त्या रात्री मला झोप आली नाही. डोंगरीच्या घरात मला काय दिसले होते, ते हळूहळू उमगू लागले. तो ओटा मला ओळखीचा वाटला होता. झिजलेल्या पायऱ्यांवर माझा पाय आपसूक मधोमध पडला होता. अनोळखी घराची ओल निपटायला मी सारी पुंजी घालायला निघालो होतो, आणि माझ्या स्वतःच्या घरात काकू दर आषाढात गळतीखाली घमेले सरकवत होत्या. नव्या घरावर प्रेम करायला काही लागत नाही. त्याच्या आपल्याविरुद्ध तक्रारी नसतात.

चौथ्या रविवारी आम्ही तिघेही डोंगरीला गेलो. मी बाईंना खरे ते सांगून टाकले. घर घेणे जमणार नाही. पण भिंतीवर पुन्हा सिमेंट मात्र लावू देऊ नका. बाई रागावल्या नाहीत. “मला ठाऊकच होतं, मास्तर,” त्या म्हणाल्या. “घ्यायचं असतं ते लोक घराकडं बघत नाहीत, जागा मोजतात.” निघताना त्यांनी कन्येला ते १८६५ चे कौल दिले. घराचे अजून काही ठरलेले नाही; सातातली दोन नावे सह्या करीत नाहीत. घराच्या दृष्टीने ते बरेच म्हणायचे.

या वैशाखात पेपरांचे गठ्ठे बरोबर घेऊन मी संगमेश्वरला गेलो. आठ दिवस राहिलो. छपरावर चढण्याचे माझे वय राहिलेले नाही असे काकूंनी बजावले, तरी चढलो. उत्तरेकडचे चार वासे बदलले, सव्वादोनशे कौले बाद केली. कन्या खाली उभी राहून एकेक कौल वर देत होती आणि प्रत्येक उलटे करून साल शोधत होती. एकाही कौलावर साल निघाले नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर मीच विचारले, “गळतंय का?”

“उत्तरेला नाही,” काकू म्हणाल्या. “आता दक्षिणेची बाजू पुढच्या वर्षी.”