जेवढी दृष्टी, तेवढीच गती

नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात दोन पथिकांचे गणित मांडले आहे. एकाची गती कायम तीच राहते, दुसऱ्याची ठरावीक मापाने वाढत जाते. दोघांची गाठ केव्हा पडेल? आज नववीतील मुले एकसमान वेग आणि एकसमान त्वरण यांची जी उदाहरणे सोडवतात, त्यांचेच हे पूर्वरूप होय. परीक्षा संपली की ती सूत्रे वहीत राहतात. वस्तुतः ती एकदा महामार्गावर नेऊन पाहावयास हवीत.

किराणा मालाच्या एका व्यापाऱ्याच्या घरी नात असेच उदाहरण सोडवीत होती. आजोबा अनेक वर्षे विहारसेवेत साधु-साध्वींसोबत चालणारे. त्यांनी विचारले, “बेटा, पहाटेच्या धुक्यात ४० मीटरवर साध्वीजी चालत असतील आणि गाडी ताशी ५४ किलोमीटरने येत असेल, तर?”

नातीने आकडे मांडले. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. समोरचे दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी त्याच वेगाने १५ मीटर पुढे जाते. मग ऋण त्वरण सुरू होते. वेग दर सेकंदाला ५ मीटरने घटतो असे धरले, तर वेगाच्या वर्गाला, म्हणजे २२५ला, त्वरणाच्या दुपटीने, म्हणजे १०ने भागावयाचे. उत्तर येते २२.५ मीटर. एकूण ३७.५. गाडी अडीच मीटर अलीकडे थांबली.

आजोबांना हायसे वाटले. मग म्हणाले, “आपला टेम्पो पहाटे ७२ने जातो. त्याचे काढ.”

ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. ब्रेक लागण्यापूर्वीच २० मीटर संपले, उरले २०. वेगाचा वर्ग ४००. त्यातून त्वरणाची दुप्पट आणि उरलेले अंतर यांचा गुणाकार, २००, वजा केला. उरलेल्या २००चे वर्गमूळ सुमारे १४. म्हणजे जेथे पहिली गाडी थांबून उभी आहे, त्याच्या अडीच मीटर पुढे हा टेम्पो ताशी सुमारे ५१ किलोमीटरच्या वेगाने पोहोचतो. नातीने गणित दोनदा तपासले. उत्तर तेच आले. रस्ता ओला असेल किंवा ब्रेक ढिले असतील, तर त्याहूनही वाईट.

वेगात फरक अवघा १८ किलोमीटरचा. परिणामात फरक एका जीवाचा. वेगाचा वर्ग होतो, म्हणून असे घडते. हे मनाला पटत नाही, कागदावर मात्र लख्ख दिसते. विहारातील अपघाताची वार्ता येते तेव्हा आपण हळहळतो, चालकाला दोष देतो. परंतु पहाटेच्या रस्त्यावर आपल्याच दुकानांचा माल धावत असतो, आणि ‘लवकर पोहोच’ असे चालकाला आपणच सांगितलेले असते.

ईर्यासमितीत साधूने पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे असे सांगितले आहे. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल, एवढीच गती. वाहनाला चार हात पुरत नाहीत; पण नियम तोच लागू पडतो. धुक्यात ४० मीटर दिसत असेल, तर ४० मीटरच्या आत थांबेल असाच वेग हवा. माल अर्ध्या तासाने उशिरा आला, तर होणारे नुकसान खतावणीत लिहिता तरी येते.