गिरसप्पाचे दर्शन

आमच्या बेळगावच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर एक जुने छायाचित्र आहे. वडील 1955 साली मित्रांसमवेत गिरसप्पा पाहावयास गेले होते, त्या वेळचे. कड्याच्या टोकाशी सारे पालथे पडून खाली डोकावत आहेत आणि पलीकडे राजा 830 फूट खाली एका झेपेत कोसळतो आहे. राणी, रोअरर आणि रॉकेट यांची नावे आम्हांला पाढ्यांच्या आधी पाठ झाली ती या चित्रापायी.

तेव्हा प्रपाताच्या एका अंगास मुंबई राज्य व दुसऱ्या अंगास म्हैसूर असे. उत्तर कानडा जिल्हा 1956 पर्यंत मुंबईकडे होता. म्हणून वडील 'आपला गिरसप्पा' म्हणत. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी त्यांनी तो शब्द बदलला नाही, आणि आम्हीही त्यांना कधी टोकले नाही.

आम्ही स्वतः गेलो ते 1983 सालच्या मे महिन्यात. आणि काय पाहिले? काळाभोर, उघडा पडलेला कातळ. राजाच्या जागी एक बारीकशी धार, तीही वाऱ्याने अर्ध्यावरच उधळलेली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. जणू पाहुण्यांना घरी बोलावून यजमानाच्या घरी काहीच नसावे, तसे ओशाळले होते.

पाणी गेले कोठे, हे समजण्यास विशेष विद्वत्ता लागत नाही. येथील पहिले वीजगृह 1948 साली सुरू झाले. त्याला म्हैसूरच्या महाराजांचे नाव होते, ते पुढे बदलून महात्मा गांधींचे देण्यात आले. त्याची शक्ती पूर्वी 120 मेगावॉट होती. त्यासाठी प्रपाताच्या वर हिरेभास्कर येथे धरण बांधले होते. 1964 साली लिंगनमक्कीचे मोठे धरण झाले आणि ते पहिले धरणच त्याच्या जलाशयात बुडाले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की ते अजूनही वर येते. लिंगनमक्कीचे पाणी तळकळलेच्या तलावातून नळांवाटे शरावतीच्या वीजगृहात उतरते. दहा जनित्रे, 1035 मेगावॉट. जे पाणी कड्यावरून पडावयाचे, ते आता आडवाटेने जाते. जलाशय तुडुंब भरला आणि दरवाजे उघडले, तरच नदी आपल्या जुन्या वाटेने येते. आणि हे दरवर्षी घडतेच असे नाही.

गांधीजींच्या नावाचा येथे थोडा विनोदच आहे. 1927 सालच्या दौऱ्यात ते सागरपर्यंत आले होते, प्रपात काही कोसांवर होता, परंतु त्यांनी तो पाहावयास जाण्याचे नाकारले, असे काका कालेलकरांनी लिहून ठेवले आहे. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांचे नाव त्याच्या पायथ्याशी राहिले!

आम्ही तेथे चहाच्या टपरीवर बसून तावातावाने बोलत होतो : निसर्गाची हत्या, वगैरे. टपरीवाले आजोबा कोंकणी बोलत. त्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "आमचो गांव उदकांत गेलो." घर, देऊळ, सुपारीची बाग, सारे. आम्ही गप्प झालो. आम्ही एका दृश्यासाठी हळहळत होतो, तेही वर्षभर विजेच्या दिव्याखाली वाचून, पंख्याखाली निजून. शरावतीच्या खोऱ्यातून उठवलेल्या कित्येक कुटुंबांचा जमिनीच्या हक्काचा तंटा आजही मिटलेला नाही, हे आम्हांला फार पुढे कळले. त्या दिवशी आजोबांनी चहाचे पैसे मात्र घेतले नाहीत.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका मुसळधार पावसाळ्यात दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि आम्ही वडिलांना घेऊन निघालो. त्यांना ऐंशी उलटून गेली होती. दिवसभर दाट धुके. चार हातांवरचे दिसेना. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर परतलो, तोच वीज गेली. आम्ही मेणबत्ती शोधू लागलो.

"राहू दे," वडील म्हणाले. त्यांनी खिडकी उघडायला लावली. अंधारात पाण्याचा घोष खोलीभर आला. ते उशीला टेकून बसले आणि आम्हांलाही बसण्याची खूण केली. वीज पहाटे आली, तेव्हा त्यांना झोप लागलेली होती.