स्पूकीच्या घळीत

अमेरिकेच्या युटा राज्यात एस्कलांटे नावाचे लहानसे गाव आहे. गावाजवळून निघणाऱ्या कच्च्या रस्त्याने सुमारे ४२ किलोमीटर गेल्यावर पीकाबू आणि स्पूकी या दोन घळींची वाट लागते. मुलांकडे गेलेल्या ज्येष्ठांना सहसा मॉल आणि मंदिर दाखविले जाते. आम्ही हट्टाने ही वाट धरली. आम्ही म्हणजे मी आणि कोल्हापूरचे माझे मित्र, गुळाचे अडते. जावई नातवाला घेऊन वरच थांबले.

सांदण दरी पाहिलेल्या वाचकांना थोडी कल्पना येईल. मात्र सांदणचा कातळ लाव्ह्याचा, तर येथला वालुकाश्म; कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातील टेकड्याच थिजून झालेला. पावसाच्या लोंढ्यांनी तो चिरत नेला. हे लोंढे अजूनही येतात. शेजारच्या ॲरिझोनात, अँटिलोप कॅनियनमध्ये, १२ ऑगस्ट १९९७ रोजी अकरा पर्यटक बुडाले. पाऊस पडला होता तो कित्येक मैल दूर. म्हणून निघण्यापूर्वी मी हवामानाचा अंदाज दोनदा पाहिला. शेठ म्हणाले, "साहेब, निवृत्त झालात तरी तारण तपासणे सुटत नाही!"

या थट्टेला इतिहास आहे. मी शाखाधिकारी असताना त्यांनी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागितली होती. गुळाचे भाव उतरत होते, गोदामातला साठा हलत नव्हता. मी नकार दिला. तो योग्यच होता असे मी आजही मानतो. पण त्यानंतर दोन वर्षे ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढे बोलणे सुरू झाले, घरोबाही वाढला. तो विषय मात्र दोघांनीही कधी काढला नाही.

पीकाबूच्या तोंडाशी दोन पुरुष उंचीचा कातळ खोबण्यांत पाय रोवून चढावा लागतो. तो चढलो, कमानींखालून वाकून पलीकडे गेलो, आणि वरच्या बाजूने स्पूकीत उतरलो. येथे रुंदी जागोजागी फूटभरही नाही. पाठीवरची पिशवी हातात धरून आडवे सरकायचे. खरबरीत भिंती छातीला आणि पाठीला एकदमच लागतात. वर आकाशाची निळी रेघ.

वाटेत मोठाले धोंडे अडकून पडले आहेत. त्यांच्यामधल्या भोकातून खाली उतरायचे असते. मी आधी उतरलो. शेठ अर्धे आले आणि थांबले. पाय अधांतरी, पोट वर अडकलेले, आणि खालचे काही दिसत नाही.

"श्वास सोडा. डावा पाय वीतभर खाली. माझा खांदा आहे."

वरून उत्तर आले नाही. त्या शांततेत मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग बुटाचा तळवा चाचपडत माझ्या खांद्यावर आला आणि त्यांनी सगळा भार टाकला. पंचाऐंशी किलो! दुसऱ्या क्षणी ते वाळूत उभे होते.

बाहेर पडल्यावर एका खडकाच्या सावलीत आम्ही खाकरे काढले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग शेठ बुटातली वाळू झाडत म्हणाले, "त्या वर्षी मर्यादा वाढवून दिली असती, तर मी सगळा पैसा गुळातच घातला असता."

मी पाण्याची बाटली त्यांच्या हाती दिली.

"आणि भाव?" मी विचारले.

"अजून उतरले," ते म्हणाले, आणि दुसरा खाकरा मोडून अर्धा माझ्यापुढे धरला.