चढाच्या आदल्या दिवशी

रोवणा आटोपल्याशिवाय आमच्या घरी दिवसा कुणी आडवं होत नसे. अर्जुनी मोरगावकडची आमची धानाची शेती. आषाढ लागला की आई सकाळीच बांधीत उतरायची आणि परे संपेपर्यंत तिचे पाय चिखलातच असायचे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, कातडी पांढरी पडून सोलवटायची. रात्री चुलीपुढे बसून ती मोहाच्या टोळीचं तेल कोमट करायची आणि एकेक बेचकं उघडून त्यात बोटानं भरायची. डोळे मिटायचे, ओठ दाबलेले असायचे. "आता दोनच बांध्या राहिल्या," म्हणायची. तिचा विसावा कायम त्या दोन बांध्यांच्या पलीकडे असायचा.

बैलांचं तसं नव्हतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा हळद-तूप घेऊन गोठ्यात जायचे. जुवाखाली घट्टे पडलेले खांदे शेकायचे, चोळायचे आणि बैलांच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू चढत नसे. खरं तर बैलांचं वर्ष तेव्हा कुठे संपलेलं असायचं? चिखलणी झालेली, पण धान निसवायचा होता, कापणी, चुरणा, गाड्या ओढणं सगळं पुढेच होतं. अर्ध्या कामात मिळालेली ती सुटी होती. घरातल्या बाईला मात्र ती कुणी दिली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

हे सगळं पुन्हा आठवलं ते नर्मदेच्या काठी. मी परिक्रमा अमरकंटकहून उचलली. गोंदियाच्या माणसाला तेच सोयीचं, बिलासपूरवरून गाडी पेंड्रा रोडला सोडते. नर्मदा 1,312 किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले तर दुप्पट, आणि डोंगर-नाल्यांना वळसे घालावे लागतात ते वेगळे. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, तिला ओलांडायचं नाही. दक्षिण काठानं समुद्र गाठून आम्ही नावेनं पलीकडे गेलो आणि उत्तर काठानं परत पूर्वेला वळलो. अमरकंटक हजार मीटरहून उंच आहे, मैकलच्या पठारावर. त्यामुळे तिथून निघणाऱ्याला शेवटी चढच लागतो.

दिंडोरी जिल्ह्यातल्या एका गावात पोचलो तेव्हा तो चढ थोड्याच मुक्कामांवर राहिला होता. सोबतच्या मंडळींचे पाय आपोआप झपाझप पडत होते. माझं डावं पाऊल मात्र बोटांच्या मागे जड झालं होतं. सूज नव्हती, दाबून पाहिलं तर एका ठिकाणी कळही नव्हती. तशी नेमकी कळ असती तर चालणं तिथेच थांबवून दवाखाना गाठायला हवा होता. प्रशियाच्या फौजेतला डॉक्टर ब्राइटहाउप्ट यानं 1855 मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायांचं जे दुखणं नोंदवलं, ते पुढे 'मार्च फ्रॅक्चर' म्हणून ओळखलं गेलं. पडणं नाही, मार नाही. नुसत्या पावलांनी हाड चिरतं. ताण पडला की हाड स्वतःला नव्यानं घडवतं, पण आधी जुना भाग झिजवतं आणि मग नवा भरतं. त्या मधल्या काळात ते कच्चं असतं. म्हणजे माणूस सरावलेला वाटतो, तेव्हाच धोका असू शकतो.

मी थांबायचं ठरवलं. "एवढं आलात, आता कसला आराम? वर जाऊनच झोपा," असं सोबतच्या काकांनी मायेनंच सांगितलं. मंडळी पुढे गेली. 'नर्मदे हर' ऐकू येईनासं झालं तेव्हा जीव कासावीस झाला, हे खरं. आम्ही उतरलो होतो त्या घरची धनीण पहाटेच मोह वेचून आली होती. अंगणात फुलं पसरता पसरता तिनं माझं पाऊल पाहिलं, आत जाऊन वाटी आणली. "माताजी, गुल्ली का तेल है." तोच वास, आईच्या पायांचा. दिवसभर मी काही केलं नाही. जेवले, कपडे वाळवले, झोपले.

जुन्या चालणाऱ्यांनी विसावा वाटेतच ठेवला होता. जुन्या रीतीची परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखीही पुण्याला आणि सासवडला जास्तीचा मुक्काम करते. ही वेळापत्रकं ज्यांनी बसवली त्यांचे पाय दुखलेले होते, असं मला ठामपणे वाटतं.

एका दिवसानंतर मी निघाले आणि चढ नीट चढले. घरी आल्यावर पुढच्या रोवण्याला दोन बांध्या राहिल्या असताना मी एक दिवस काम बंद ठेवलं, बायांची त्या दिवसाची मजुरी देऊन. भाऊ म्हणाला, "ताई, पाऊस आहे तोवर उरकून टाकू." परे आणखी एक दिवस दम धरतील, एवढं शेत मलाही कळतं. बायांना आधी खरं वाटेना. सकाळी त्या धुऱ्यावर आल्याच. मग एकीनं विचारलं, "पैसे कापणार नाही ना?" नाही म्हटल्यावर एकेक करत घरी गेल्या. आता दरवर्षी रोवणा लागला की त्याच मला विचारतात, यंदाची सुटी कोणत्या दिवशी.