पिवळ्या पिकाला युरिया



कृषी विस्तार अधिकारी म्हणून गेली २८ वर्षे मी तुम्हाला पिकाच्या खाण्यापिण्याचे सल्ले देत आलो. आज माझ्याच खाण्याची गोष्ट सांगतो.

२०२१ साली माझी पत्नी वारली. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले होते. शेजारून पिठले-भाकरी येत होती. मग माणसे आपापल्या कामाला लागली. मुलगा पुण्याला नोकरीवर. संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरणे नको वाटे. येताना स्टँडवरून भजी, शेव घेऊन यायचो. रात्री झोप लागली नाही की फरसाणाचा डबा काढायचो. पोटात भूक नसे. पण तोंड चालू असले की तेवढा वेळ घर सुने वाटत नसे. दोन वर्षांत वजन ७२ किलोवरून ८९ वर गेले.

२०२३ च्या जुलैत एका शेतकऱ्याचे सोयाबीन पिवळे पडले होते. युरियाचे पोते बांधावर तयार होते. मी म्हणालो, "अरे, शेतात पाणी साचलंय. मुळांना हवाच नाही, तर खत घेणार कोण? आधी चर काढ."

बांध चढताना मला धाप लागली. त्यानेच हात देऊन वर ओढले. मोटारसायकलपाशी आलो, तर हँडलला भज्यांची पिशवी लटकलेली! मनात आले, आपण तरी दुसरे काय करतो आहोत? साचले आहे दुःख, आणि वरून टाकतो आहोत भजी.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तपासणी केली. डॉक्टरांनी कंबरही मोजली. पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या आत हवी, म्हणाले. घरी येऊन चहाचा हिशेब मांडला. गावोगावी मिळून ८ कप, कपाला दोन चमचे साखर, चमचा ५ ग्रॅमचा; म्हणजे रोज ८० ग्रॅम साखर नुसत्या चहातून!

मग एकेक सवय बदलली. चहा दोन कप, बिनसाखरेचा. फरसाण घरात आणणे बंद. पहाटे ४० मिनिटे चालणे. थोरल्या वहिनींना म्हणालो, "रात्रीची माझी भाकरी तुमच्याकडेच टाका." ज्वारीची एक भाकरी, मुगाची उसळ, पालेभाजी, आणि पंगतीला चार माणसे. रात्री डब्याची आठवण झाली की मुलाला फोन लावायचो. आईविषयी आम्ही दोघे तेव्हा प्रथमच मोकळेपणी बोललो. खरा चर तो होता.

१४ महिन्यांत १३ किलो उतरले. मध्ये दिवाळीत दोन किलो पुन्हा चढले होते; तेही सांगायला हवे. अजूनही एखादी रात्र जड जाते.

वाचकहो, विनाकारण खावेसे वाटले तर आधी विचारा, ही भूक पोटाची की मनाची? आणि ज्या घरातले माणूस गेले आहे, तिथे तेराव्यानंतरही जात जा. ताट जरूर न्या, पण ताटाशेजारी घटकाभर बसाही.