चढणीचा तराजू : रत्नागिरी ते कशेळी, सायकलवरून

रत्नागिरी शहर मागे टाकून भाट्याच्या पुलावर आले की उजव्या हाताला अरबी समुद्र आणि डाव्या हाताला काजळी नदीची खाडी, अशी दोन्ही पाण्यांची भेट एकाच दृष्टिक्षेपात होते. पूल ओलांडल्यावर सुरूच्या बनाच्या कडेने रस्ता काही काळ सपाट जातो. तोवर सायकलच्या कॅरिअरवर किती सामान बांधले आहे याचा प्रवाशाला विसर पडलेला असतो. मग चढण सुरू होते. पहिल्याच वळणावर श्वास जड होतो आणि प्रत्येक वस्तू आपले वजन सांगू लागते. जादा कपड्यांचा जोड, न वाचले जाणारे पुस्तक, 'असू द्यावा बरोबर' म्हणून घेतलेला फराळाचा तिसरा डबा, या सर्वांचा हिशेब येथे पायांना चुकता करावा लागतो.

रत्नागिरीहून पावस दक्षिणेस सुमारे 20 किलोमीटर आहे. मोटारीला हे अंतर पाऊण तासही पुरत नाही. सायकलस्वाराला मात्र या वाटेने कोकणची सारी ठेवण शिकायला मिळते. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या जांभ्या दगडाचे पठार चिरत समुद्राला मिळतात. म्हणून किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रस्त्यास पुनःपुन्हा खाडीकडे उतरावे लागते आणि पुन्हा पठारावर चढावे लागते. या पठारालाच येथे 'सडा' म्हणतात. एकही चढ घाटासारखा उंच नाही, पण एक संपून चार पायडल मारावीत तो दुसरा समोर उभा राहतो.

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील सायकलयात्रा जगप्रसिद्ध आहेत, त्या अशाच चढउतारांच्या भूमीमुळे. तेथे 1878 साली हॅरोगेट येथे सायकलप्रवाशांची एक संस्था स्थापन झाली. ज्या खाणावळींत सायकलस्वाराची रास्त दरात सोय होईल, त्यांच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाच्या चिन्हाची पाटी लावण्याची पद्धत या संस्थेने रूढ केली. गावातील छोट्या व्यावसायिकाला गिऱ्हाईक मिळाले आणि परक्या वाटसरूला भरवसा. तेथे झुडपांच्या कुंपणांमधून वाटा जातात. इकडे जांभ्याचे गडगे, त्यामागे हापूसच्या बागा आणि खाली नारळी-पोफळीची आगरे दिसतात. इकडे पाटी नसते, पण घराच्या पडवीत 'घरगुती जेवण मिळेल' एवढे लिहिलेले असते, आणि तेवढे पुरते.

गोळप मागे पडल्यावर उताराच्या अखेरीस पावस लागते. गौतमी नदीकाठच्या या गावाची ओळख स्वामी स्वरूपानंदांमुळे आहे. रामचंद्र विष्णू गोडबोले हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. जन्म 15 डिसेंबर 1903 रोजी पावसलाच झाला. तरुणपणी ते स्वातंत्र्यचळवळीत उतरले आणि त्यांनी तुरुंगवासही भोगला. गावी परतल्यावर देसाई कुटुंबाच्या 'अनंत निवास' या घरातील एका खोलीत त्यांनी सुमारे 40 वर्षे काढली. 'अभंग ज्ञानेश्वरी' हा त्यांचा ग्रंथ. 15 ऑगस्ट 1974 रोजी त्यांनी देह ठेवला. समाधिमंदिर भव्य आहे, परंतु ते पाहून झाल्यावर अनंत निवासातील ती खोली आवर्जून पाहावी. नुकतेच चढणीवर स्वतःच्या सामानाशी झगडून आलेल्या प्रवाशास तिचे लहानपण अधिक उमगते. परिग्रहाचे परिमाण ठरवून घेणे हे श्रावकाच्या अणुव्रतांपैकी एक. ते शास्त्रात वाचणे वेगळे आणि चाळीस वर्षे एका खोलीत पुरून उरलेले आयुष्य समोर पाहणे वेगळे. पंथ निराळा असला तरी येथे मस्तक आपोआप लवते.

पावसला मुक्काम करून त्याच संध्याकाळी जवळच्या गणेशगुळ्याचे मंदिर आणि शांत समुद्रकिनारा पाहता येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेस निघावे. मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगड हा छोटेखानी किल्ला आहे. सायकल खाली ठेवून वर गेल्यास खाडी आणि सागर यांचा संगम तटावरून दिसतो. पूल ओलांडून गावखडी आणि पुन्हा एक चढ चढून गेल्यावर कशेळी येते.

कशेळीचा कनकादित्य हे महाराष्ट्रातील मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक. त्याची आख्यायिका व्यापारी घरांत सांगण्याजोगी आहे. काठियावाडातील प्रभासपाटणहून सूर्यमूर्ती घेऊन एक व्यापारी गलबताने दक्षिणेकडे निघाला होता. कशेळीच्या किनाऱ्याजवळ गलबत अडले, काही केल्या हलेना. अखेर त्याने एक मूर्ती किनाऱ्यावरील गुहेत ठेवली आणि गलबत सुटले. ती गुहा आज 'देवघळी' नावाने ओळखली जाते. पुढे कनका नावाच्या स्त्रीला दृष्टांत होऊन मूर्ती गावात आली आणि देव कनकादित्य झाला. काहीतरी उतरवून ठेवल्याखेरीज पुढचा प्रवास होत नाही, एवढा या कथेचा मथितार्थ.

आख्यायिकेच्या पुढे इतिहासही उभा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके 1113, म्हणजे इ. स. 1191 चा कशेळीचा ताम्रपट उपलब्ध असून, त्यात रोज बारा ब्राह्मणांच्या भोजनाची तरतूद नोंदलेली आहे. याच भोजाच्या कारकिर्दीत 1205 मध्ये घाटमाथ्यावरील आजरा येथे, गंडरादित्याने बांधलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात, सोमदेवांनी 'शब्दार्णवचंद्रिका' हा जैनेंद्र व्याकरणावरील टीकाग्रंथ रचला. समुद्रकाठचे सूर्यमंदिर आणि घाटावरचे जिनालय एकाच राज्याच्या छत्राखाली नांदत होते, हे जैन यात्रेकरूने ध्यानी ठेवावे.

कशेळीच्या सड्यावर याहूनही प्राचीन ठेवा आहे. उघड्या कातळावर कोरलेली एक भव्य हत्तीची आकृती आणि तिच्या अंगात अनेक लहान प्राण्यांची चित्रे आहेत. कोकणातील अशा कातळशिल्पांची 9 स्थळे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत समाविष्ट झाली. त्यांत कशेळीचा समावेश आहे.

या सड्याकडे पाहण्याचा दुसराही एक मार्ग आहे, आणि तो शहरातील गुंतवणूकदाराच्या कागदपत्रांतून जातो. सातबाऱ्यावर अशी जमीन बहुधा 'पोटखराबा' म्हणून नोंदलेली असते. पीक नाही, म्हणून भाव कमी. भाव कमी, म्हणून खरेदी करावी, चिरा काढावा किंवा सपाट करून भूखंड पाडावेत, असा तो सरळ हिशेब. परंतु पहिल्या पावसानंतर याच खडकाच्या खळग्यांत पाणी साठते, बेडूक आणि असंख्य सूक्ष्म जीव त्यात वाढतात, श्रावण-भाद्रपदात सारे पठार फुलांनी भरून जाते. जिथे कातळ कापला, तिथे जीवही गेला आणि चित्रही. पावस-पूर्णगडचा रस्ता सागरी महामार्गाचा भाग असल्याने वाहने वाढत जाणार, आणि त्यांच्याबरोबर जमिनीची मागणीही. कोकणात भूखंड घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाने व्यवहारापूर्वी एकदा त्या जमिनीवरून अनवाणी चालून पाहावे. नफ्यातोट्याच्या पत्रकात न येणाऱ्या बाबी पायांना कळतात.

या प्रवासास कार्तिकी पौर्णिमेनंतरचा काळ उत्तम. चातुर्मासात साधुसाध्वी विहार थांबवतात, त्यामागे जीवदयेचा विचार आहे. निसरडे उतार आणि रस्त्यावर सरपटणारे जीव पाहता सायकलस्वारानेही तो मानावा. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. अंधारानंतर या वळणांवर सायकल चालवू नये आणि व्रतस्थाने अंधारानंतर जेवू नये. दोन्ही नियम एकाच वेळेला येऊन मिळतात. भोजनात कांदा, लसूण व कंद वर्ज्य असल्याचे यजमानांना आदल्या दिवशी कळवले की अडचण पडत नाही. भात, आमटी, नारळ घातलेली भाजी, घावन आणि कोकमाची लसूणविरहित सोलकढी, एवढ्यावर थकलेला देह तृप्त होतो. उकळलेले पाणी, पंक्चरचे साहित्य आणि हवा भरण्याचा छोटा पंप मात्र स्वतःचा असावा. उतरणीआधी दोन्ही ब्रेक तपासून घ्यावेत.

तिसऱ्या दिवशी परतताना तीच चढण उलट बाजूने चढावी लागते. तोपर्यंत फराळाचे डबे रिकामे झालेले असतात, न वाचलेल्या पुस्तकाला पावसच्या यजमानांच्या कपाटात जागा मिळालेली असते आणि बॅगेत तळाशी आठ-दहा आमसुलांची पुडी तेवढी नव्याने आलेली असते. भाट्याचा पूल पुन्हा दिसू लागतो. सायकल हलकी झालेली असते आणि काहीही कमी पडलेले नसते.