कंबरच्या काठी

सात रस्ता. इथून फुटणाऱ्या वाटांपैकी एकच मला पाण्याकडे नेत आली. विजापूर रोड. त्याच्या कडेला तू.

पाटीवर तू धर्मवीर संभाजी महाराज तलाव. आजीच्या तोंडी तू कंबर. आजी गेली. कंबर माझ्या जिभेवर राहिलं.

पहाट.
पाणी दिसत नाही.
जलपर्णी अंथरली आहे, आणि तिची जांभळी फुलं इतकी देखणी, की आधी डोळा फसतो आणि मग गलबलून येतं. पानांवर एक वंचक बगळा उभा. खाली मासा आहे की नाही, त्यालाही उमगत नसावं.

मला आठवतो तो उजेड, जो आधी तुझ्या अंगावर उतरायचा आणि मग गावाला मिळायचा, ज्यात दगडावर आपटलेल्या चादरीचा आवाज पलीकडच्या काठाला लागून परत यायचा, बगळ्यांची रांग आपल्याच सावलीवरून ओढत जायची, आणि काठच्या पालांतून निघालेला धूर पाण्याला टेकत टेकत असा पसरायचा की धूर कुठला, धुकं कुठलं, हे ऊन वर येईपर्यंत कळायचंच नाही.

पालं.
तीन बांबू, फाटकी ताडपत्री, वर दगड. आत एक तांब्या, एक चूल, एक निजलेलं पोर.

त्यातली एक बाई गावभरचा कचरा वेचून आणायची. तांबडं फुटताना निवडायला बसायची. बाटल्या इकडे. पत्रा तिकडे. पुठ्ठा मांडीखाली, दवाने भिजू नये म्हणून. उरेल ते काठावर. वारा सुटला की तुझ्यात.

एकदा म्हटलं, ‘मावशी, घंटागाडीत का नाही टाकत?’

ती हसली. ‘गाडी दारात येती, बाबा. आमाला दार कुटं हाय?’

मी गप्प. तूही गप्प होतास.

या गावाने तारेच्या कुंपणातली माणसं पाहिली आहेत. सेटलमेंट म्हणायचे त्याला. 1952 साली तो गुन्हेगार जमातींचा कायदा गेला, माणसं विमुक्त झाली. कुंपण सुटलं. उंबरा सगळ्यांनाच मिळाला असं नाही.

आणि तिकडे, किल्ल्याच्या पायाशी, तुझं थोरलं भावंड. सिद्धरामांनी बाराव्या शतकात ते तळं खोदलं, असं गाव सांगतं. संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तेलाभिषेक होतो. पाणी खोदणाऱ्याला या गावाने देव मानलं. पाणी निवळ ठेवणाऱ्यासाठी अजून शब्द सुचलेला नाही.

एका सकाळी पालं नव्हती.

कुठे गेली, कुणाला विचारू? चुलीचे तीन काळे दगड तेवढे आहेत. त्यांच्यावर ऊन पडतं, तेव्हा क्षणभर वाटतं, अजून धग असेल. हात लावतो. गार.

कचरा मात्र आहे. वाढलाच आहे. निर्माल्याचे हार, थर्माकोलच्या ताटल्या, दुधाच्या पिशव्या. सगळं दारं असलेल्या घरांतलं.

दुधाच्या पिशवीला भंगारात भाव मिळतो. ती मावशी असती, तर एवढ्या तरी तुझ्यातून निघाल्या असत्या.